लाइट गेली की लॅपटॉप सुधरायचा

मे महिन्यात माझ्या लॅपटॉपनं उलटाच धंदा मांडला होता. लाइट असली की बिघडायचा, लाइट गेली की शहाण्यासारखा चालायचा. पण हे माझ्या ध्यानात यायला बारा दिवस गेले.

आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पोरापोरींचे प्रवेशअर्ज. टचपॅडवर बोट ठेवलं की कर्सर थरथरायचा, मधूनच टुणकन उडी मारून भलत्याच ठिकाणी क्लिक करायचा. एका पोरीचा अर्ज तीनदा पुसला गेला. चौथ्यांदा तिचा बाप म्हणाला, "भाऊ, तुमचा हात कापून राहिला का?"

आधी घामावर संशय घेतला. बोटं पुसली, टचपॅड पुसलं. मग डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, रात्रभर अँटिव्हायरस चालवला. खालचं झाकण उघडून बॅटरी फुगली का तेही पाहिलं, कारण फुगलेली बॅटरी टचपॅडला खालून दाबते. ती ठीक होती. शाळेतल्या गुरुजींचा माऊस मागून आणला आणि टचपॅड बंद केलं, तर कर्सर सुतासारखा सरळ. म्हणजे चोर टचपॅडच.

एसटीनं यवतमाळ गाठलं. दुकानदारानं न उघडताच सांगितलं, "टचपॅड बदला, अडीच हजार." पण त्याच्या काउंटरवर चार्जर लावून अर्धा तास बोट फिरवलं, एक उडी नाही! पैसे वाचवून घरी आलो. पुन्हा तेच.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. बॅटरीवर अर्ज भरत होतो, सगळं झ्याक. लाइट आली आणि कर्सर नाचायला लागला. चार्जरची पिन काढली, थांबला. लावली, नाचला. पाच-सहा वेळा तोच खेळ करून पाहिला. लॅपटॉपच्या कडेला मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायच्या, तेही तेव्हाच आठवलं. इतके दिवस मी ते उन्हावर ढकलत होतो.

गल्लीत एक रिटायर वायरमन काका राहतात. त्यांनी लॅपटॉपखालच्या स्क्रूला टेस्टर टेकवला, तर आत मंद लाल उजेड. "बापू, तुह्या चार्जरले अर्थिंगच नाही."

तीन पिनांच्या चार्जरमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा किंचित करंट अर्थच्या तारेनं जमिनीत जायला हवा. वाट नसली की तो लॅपटॉपच्या धातूवर आणि आपल्या अंगावर तरंगतो. टचपॅड तर बोटानं होणारा विजेचा अगदी बारीक फरक मोजून चालतं. त्यात हा ५० हर्ट्झचा गोंधळ मिसळला की बोट कुठं आहे हेच त्याला कळत नाही.

माझ्या एक्स्टेन्शन बोर्डात भोकं तीन, पण वायर दोनच तारांची! बाजारात असे बोर्ड ढिगानं मिळतात. तीन तारांची वायर टाकली. तरी टेस्टर पेटलेलाच. मग काका घरामागच्या अर्थिंगच्या पाइपाकडे गेले. नट गंजून तार नुसती लोंबकळत होती, भोवती काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. काकांनी लाइटची तार आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून तपासलं (हा उद्योग वायरमननंच करावा); अर्थिंग चांगलं असलं तरच तो पेटतो. बल्ब पेटलाच नाही. नट घासून आवळला, बल्ब मिणमिणला. खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून दोन बादल्या पाणी ओतलं, तेव्हा कुठं नीट पेटला.

टेस्टर विझला. त्या पोरीचा अर्ज चार्जर लावूनच भरला, एका झटक्यात.

आता पाऊस पडेपर्यंत दर दोन दिवसांनी खड्ड्यात एक बादली टाकतो. आई हापशीवरून येता-येता ओरडते, "इथं प्यायले पाणी नाही, अन् हा जमिनीले पाजून राहिला!"