सुट्टीत कपाटात मेलेली पेनं

बेळगावात मोबाइल आणि टॅब दुरुस्तीचं माझं काम. जूनमध्ये खानापूर भागातले एक गणिताचे सर पिशवीभर पेनं घेऊन आले. टॅबवर लिहायची, शाळेला देणगीत मिळालेली. "मार्चात सगळी चालू होती हो. सुट्टीत कपाटात ठेवली, खरं आता एकबी चार्ज होईना झालंय."

पेनाला स्क्रू नव्हताच. गरम हवा देऊन सांधा सोडवला, तर आत काडीसारखा बारीक सेल, गोंदाने घट्ट बसवलेला. मल्टिमीटरवर एक व्होल्टसुद्धा दाखवेना. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. पेन पडून असलं तरी आतलं सर्किट थोडंथोडं ओढत राहतं. सेल अडीचच्या फार खाली जाऊन तसाच राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं. मग जबरदस्तीने चार्ज केला तर शॉर्ट होऊन पेटूही शकतो. बाकीची पेनंही तशीच. निब कोरी, पेन भंगारात. फार वाईट वाटलं.

सरांनी वायर बदलायला म्हणून स्वतःची वॅकॉम कंपनीची, कॉम्प्युटरला जोडून लिहायची पाटीही आणली होती, २०२०च्या लॉकडाउनमध्ये घेतलेली. वायर बदलली, पेन टेकवलं, लगेच रेघ उमटली. त्या पेनात सेलच नाही. पाटीतल्या तारा चुंबकीय क्षेत्र तयार करतात, पेनातली कॉइल त्यावरच चालते. झिजते ती फक्त निब.

"मग पोरांनाबी असलीच घेऊया की!"

त्यांना थांबवावं लागलं. त्या पेनाला स्क्रीनखाली वेगळा सेन्सर लागतो, शाळेच्या टॅबमध्ये तो नाही. पेनापायी चांगले टॅब टाकायचे म्हणजे चार सेल वाचवायला त्याहून कितीतरी मोठा कचरा करायचा. या टॅबवर चकतीच्या टोकाची साधी पेनं चालतात, बॅटरीशिवाय. अक्षर तितकं बारीक येत नाही, पण गणिताला पुरतं. नवा टॅब घेताना मात्र सेन्सर आहे का, हे आधी विचारायचं. आणि चार्जिंगचं पेन घेतलंच, तर सुट्टीआधी निम्मं भरून ठेवायचं, मधून मधून बघायचं.

मेलेली पेनं घंटागाडीत टाकू नका, हे मी दोनदा बजावलं. गाडीत दाबली गेली तर तिथेच पेट घेतील, नाहीतर तुरमुरीच्या कचरा डेपोत. बॅटरी कचऱ्याच्या २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, हेही सांगितलं.

सरांनी दुकानातूनच देणगीदारांना फोन लावला आणि पेनं परत कुठे द्यायची ते विचारलं.