आज पडलेली बाईक उचलायला शिकलो
मुळशीकडच्या माळावर दिवसभर ऑफरोड ट्रेनिंग केलं, हात इतके भरून आलेत की फोन धरवत नाहीये पण लिहायचंच आहे. पहिला तास फक्त पडलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन बाईक उचलायची, जवळजवळ 200 किलोची गाडी, तिच्याकडे पाठ करायची, हँडल पूर्ण वळवायचं आणि जोर सगळा पायांचा, कमरेचा नाही. मग फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल, हे सैल सोडणंच सगळ्यात अवघड गेलं मला. खडीवर चाक सरकलं की आपण घाबरून पुढचा ब्रेक दाबतो आणि तिथेच पडतो, मी दोनदा पडलो. सर म्हणाले, 'दगडाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ', आणि गाडी खरंच तिकडेच गेली!! पुढच्या रविवारी वाळू आहे.