आज का शब्द

वाईच्या आमच्या बँकेच्या शाखेत शिरलं की डाव्या हाताला, पाण्याच्या कूलरच्या वर, एक छोटा पांढरा फळा होता. माथ्यावर निळ्या अक्षरांत कायमचं रंगवलेलं, ‘आज का शब्द’. त्याखाली दोन रकाने. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा हिंदी. बँकेत किंवा केंद्र सरकारच्या कचेरीत गेलेल्या प्रत्येकाने असा फळा पाहिलेला असतो. वाचलेला असतो का, ही गोष्ट वेगळी.

रोज सकाळी त्यावर शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून, हिंदी बरी म्हणून नव्हे. राजभाषा नियम, 1976 प्रमाणे सरकारी कामातल्या हिंदीसाठी देशाचे क, ख, ग असे तीन भाग पाडलेत, त्यात महाराष्ट्र ‘ख’मध्ये. दहावीला हिंदी विषय होता, तेवढ्यावर मला हिंदीचं ‘कार्यसाधक ज्ञान’ असल्याचं फायलीत नोंदलं गेलं होतं. कार्य साधण्यापुरतं ज्ञान! इतका प्रामाणिक शेरा मला शाळेतही कधी मिळाला नाही.

शब्दांची यादी वरून यायची. एका ओळीत एक इंग्रजी, एक हिंदी, मामला खलास. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला, त्या गावात आम्ही एका शब्दाला एकच अर्थ वाटत बसलो होतो. तीन-चार महिने मी मुकाट उतरवत राहिले. मग एका सकाळी लिहिलं : आउटस्टँडिंग – बकाया.

आमच्या शिपाईमामांची मुलगी इंग्रजी शाळेत, चौथीत. दुपारी डबा उघडला तेव्हा मामा शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, पोरीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी हाच शब्द लिहिलाय. फी तर मी जूनमध्येच भरली होती.”

मी सांगितलं, तिथे त्याचा अर्थ उत्कृष्ट. मामांना ते पटेना. पोरीचं कौतुक आणि थकलेला हप्ता यांना एकच शब्द असेल तर साहेब लोक ओळखतात कसं? मलाही लगेच सांगता आलं नाही. संध्याकाळी घाटावरून घरी जाताना सुचलं की आपल्याकडेही ‘उठून दिसणं’ आहेच की. एखादी पोरगी चारचौघींत उठून दिसते, एखादा हप्ता खतावणीत. दुसऱ्या दिवशी मामांना हे सांगितलं तर ते खूश झाले आणि त्यांनी पुढची शंका काढली. मुलीच्या भूगोलात आहे म्हणे, नदीला दोन बँका असतात. वाईत तर कृष्णेच्या काठाला कितीतरी जास्त आहेत.

त्यानंतर मी यादीकडे जरा संशयाने बघू लागले.

इंटरेस्ट – ब्याज. बँकेपुरतं बरोबर. पण खातेदाराला मुदत ठेवीवर इंटरेस्ट हवा असतो आणि आम्ही गळ्यात मारतो त्या विम्यात त्याला इंटरेस्ट नसतो. हिंदीत पहिला ब्याज, दुसरी रुचि, आणि संचालकाने स्वतःच्या मेव्हण्याला कर्ज दिलं तर तिसरं, हित. मराठीत व्याज, रस आणि हितसंबंध. इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये, ‘मध्ये असणं’. माझं काहीतरी यात आहे, मी यात गुंतलोय, एवढाच त्याचा भाव. मग ते पैसे असोत की मन.

पण खरी गंमत आपल्या व्याजात आहे. शाळेत ‘आईचं निर्व्याज प्रेम’ असं वाचलं की मला ते बिनव्याजी वाटायचं. बाबा पैसे देताना परत कधी देणार ते विचारायचे, आई विचारायची नाही, त्यामुळे अर्थ चपखल बसत होता. पुढे व्याजस्तुती अलंकार शिकताना कळलं की संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. निर्व्याज म्हणजे निष्कपट. मुदत ठेवीवर मिळतं ते आणि कपट, दोन्ही एकाच शब्दात. कुठल्याही कर्जदाराला विचारा, तो म्हणेल यात दोन अर्थ आहेतच कुठे?

सँक्शन – मंजूरी. हा शब्द 2018 मध्ये आला आणि नेमकी त्याच सुमारास अमेरिकेने इराणवर पुन्हा सँक्शन लादल्याची बातमी पेपरात होती. म्हणजे आमच्याकडे ज्याने कर्ज मिळतं, त्याच शब्दाने तिकडे अख्ख्या देशाची कोंडी होते. हिंदी पेपरवाले त्याला प्रतिबंध म्हणतात. आपण निर्बंध म्हणतो. आपला प्रतिबंध लसीसाठी राखीव आहे.

सगळ्यात जास्त छळलं ते चार्जने. फोनचा चार्ज, लाठीचा चार्ज, एसएमएसचा चार्ज आणि नव्या साहेबांनी घेतलेला शाखेचा चार्ज. यादीत उत्तर एकच, प्रभार. बँकेच्या हिंदीत सेवेचे पैसे म्हणजे प्रभार आणि साहेब रजेवर गेले की त्यांची खुर्ची सांभाळणारा तो प्रभारी. कोर्टात आरोप, दवाखान्यात शुल्क. माझा मुलगा तेव्हा मराठी माध्यमात नववीला होता, त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रभार म्हणजे विजेचा. हिंदी पुस्तकातला इलेक्ट्रॉन मात्र आवेश घेऊन फिरतो. आपल्याकडे आवेश फक्त वक्त्यांना चढतो. त्यात इलेक्ट्रॉनवरचा प्रभार ऋण, आणि आमच्या शाखेत ऋण म्हणजे कर्ज. बिचारा जन्मजात कर्जबाजारी. मुलगा म्हणाला, “आई, हे पेपरात लिहिलं तर शून्य मिळेल.”

मराठीने तरी कुठे सुटसुटीत ठेवलंय? घरी येणारं विजेचं बिल बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. चार्जला आकार हा जुना आणि चांगला शब्द आहे, आकारणी आपण अजून म्हणतोच. पण मी कितीतरी वर्षं ‘वहन आकार’ वाचून त्या वहनाचा आकार कसा असेल, लांबट की गोल, असा विचार करत आले. पंखे सुरू झाले की तो वाढतो, एवढंच कळायचं.

आमचे मॅनेजर साहेब उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातले. मला वाटायचं, फळ्यावरचे शब्द यांच्या घरचेच असणार. एकदा ‘सिक्युरिटी – प्रतिभूति’ लिहिलं तर ते पाण्याचा ग्लास हातात धरून बराच वेळ फळ्यासमोर उभे. म्हणाले, “मैडम, घर में तो हम भोजपुरी बोलते हैं. यह वाली हिंदी हम भी दफ़्तर में ही सीखे हैं.” तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. आम्ही दोघंही कार्यसाधकच.

फक्त एका शब्दाला त्यांचा चेहरा खुलला. डेबिट – नामे. “यह तो हमारे दादाजी की बही में था!” मीही तेच म्हणणार होते. आमच्या आजोबांच्या किराणा दुकानात उधारी ‘नावे’ टाकायचे. त्यांची बही, आमची वही. त्यांचं नामे, आमचं नावे. जमा दोन्हीकडे जमाच. यादीतले सगळेच शब्द कुणी टेबलाशी बसून घडवलेले नव्हते. काही दुकानाच्या गादीवरून उठून आले होते, आणि तेवढेच आम्हाला पाठ करावे लागले नाहीत.

खरा घोटाळा मात्र फळ्यावर झाला नाही. तो झाला जाहिरातीच्या फलकावर. जून महिना, प्रवेशाचे दिवस. वरून आलेला रंगीत फलक आम्ही दाराशीच उभा केला. पदवीची टोपी घातलेली हसरी मुलगी आणि वर ठळक अक्षरांत ‘शिक्षा ऋण’. भुईंजकडचे एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. फलकासमोर थांबले, पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, “बाई, कर्जाची शिक्षा म्हाईत हाय मला. हे शिक्षेचं कर्ज काय काढलंय नवीन?”

मी त्यांना शैक्षणिक कर्ज, परतफेड, हप्ते, सगळं समजावून सांगितलं. अर्धा तास गेला. उठताना त्यांनी नातवाकडे बघितलं, फलकाकडे बघितलं आणि म्हणाले, “मंजी बरोबरच लिवलंय.”

मी हे साहेबांना सांगितलं तर त्यांना आधी कळेना. शिक्षा म्हणजे आपल्याकडे दंड, तुरुंग, अंगठे धरून उभं राहणं, हे कळल्यावर ते दचकले. “तो मैं सबसे कहता रहा कि आपके बच्चे को शिक्षा दिलवाएँगे...” होय साहेब, दोन वर्षं. आणि ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ हातात घेऊन जाणाऱ्याला वाटत असेल की आता आपल्यावर कसलीच आपत्ती येणार नाही, अशी बँकेने हमी दिली. आपलं ‘ना हरकत’ बरं. त्यात ढोंग नाही. आमची हरकत नाही, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

त्या दिवसापासून साहेबांनी एक छोटी डायरी केली. मराठी शब्द त्यात जायचे. पहिला शब्द होता उतारा, कारण पीककर्जाला येणारा प्रत्येक जण तो मागायचा किंवा द्यायचा. मी सांगितलं, जमिनीचा तो सातबारा उतारा. मग मामा मध्येच म्हणाले, विंचू चावला तर त्यावरही उतारा असतो. माझ्या मुलाच्या प्रश्नपत्रिकेत उतारा वाचून उत्तरं द्यायची असतात. आणि नजर लागली तर ओवाळून तिकटीवर ठेवतात, तोही उताराच. साहेबांनी चारही लिहून घेतले, एका खाली एक. त्यांच्या डायरीत रकाने नव्हते. मग त्यांनी विचारलं, “और यह नजर ‘लागली’ क्या है?” मी म्हटलं, साहेब, ते सोडा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, आणि पोरगं अभ्यासाला लागत नाही. डायरी मिटली.

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या बदलीचा हुकूम आला. पसरणीच्या घाटावर ढग उतरले होते, अजून पाऊस नव्हता. मामा दाराशी कुणाला तरी सांगत होते, “साहेबांची बदली झाली.” ते साहेबांनी ऐकलं आणि बाहेर बघत म्हणाले, “हमारे गाँव में तो बदली आसमान में होती है.” बदली म्हणजे त्यांच्याकडे छोटा ढग, असं मग मला समजावलं.

त्या शुक्रवारी मी यादी बाजूला ठेवली. पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने डावीकडे लिहिलं, ट्रान्सफर. उजवीकडे हात थांबला. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात गेला तर अंतरण. माणूस एका गावातून दुसऱ्या गावाला गेला तर स्थानांतरण. रकाना एक. साहेब टेबलाचे खण रिकामे करत होते, त्यांना जाऊन विचारलं, कुठलं लिहू?

“आज पैसे का लिख दीजिए,” ते मान वर न करता म्हणाले. “आदमी का कल.”

मी अंतरण लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता.