टॅपेटचा आवाज बंद झाला तेव्हा : माझा अनुभव

वडिलांनी १९७२ साली घेतलेली अँबॅसिडर मार्क टू गेली अकरा वर्षे मी सांभाळतो आहे. तिच्या १४८९ सी.सी. इंजिनाला आत्मविश्वासाने हात लावणारे मिस्त्री साताऱ्यात आता मोजकेच उरले असल्यामुळे पुष्कळशी कामे मी स्वतःच शिकलो. मात्र टॅपेट सेटिंगची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर (तरफ) यांच्यातली बारीक फट स्क्रूने जुळवण्याची, वेळ कशी ओळखायची हे मला एक मोठी चूक निस्तरतानाच कळले. घरात अशी जुनी गाडी असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून ती हकीकत सविस्तर लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी सकाळी गाडी सुरू केली की हेड कव्हरखालून शिवणयंत्रासारखी बारीक टकटक येऊ लागली. व्हॉल्व्ह उघडवणारी कॅमशाफ्ट ही इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, निम्म्या गतीने फिरते, त्यामुळे टॅपेटचा आवाजही इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो, आणि तो बेअरिंगच्या खोल ठोक्यापासून एवढ्यावरूनही वेगळा काढता येतो. मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या कारागिराने इंजिन गरम असताना, चालू ठेवूनच, स्क्रू ड्रायव्हरने एकेक टॅपेट आवळत नेला आणि आवाज थांबला तिथे लॉक नट घट्ट केला. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचे फिलर गेज त्याने हातातही घेतले नाही. इंजिन इतके शांत झाले की त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

चार महिन्यांनी त्रास सुरू झाला. आधी सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागू लागला. मग आयडलिंगला गाडी मध्येच एक ठोका गाळू लागली. अखेर एकदा पुण्याहून परतताना, एरवी जो खंबाटकीचा चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असे, त्या चढावर मला अर्ध्या वाटेतच दुसरा टाकावा लागला. मी प्लग बदलले, पॉइंट घासून गॅप लावला, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. टॅपेटचा विचार मनात आलाच नाही, कारण टॅपेट वाजत नव्हते.

आमच्या गल्लीत एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि वहीचा एक कागद सायलेन्सरच्या तोंडापाशी धरला. धुराच्या झोताने कागद बाहेर फडफडत होता, पण मधूनमधून तो आत ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटत होता. "आवाज नाही म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, आणि मला त्याचीच काळजी वाटते," ते म्हणाले. "वाजणारा टॅपेट फार तर कान खातो. गप्प बसलेला व्हॉल्व्ह खातो."

त्यांनी जे समजावले ते असे. टॅपेट ढिला असला तर व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, ताकद किंचित घटते, रॉकरचे टोक आपटून झिजते आणि हे सगळे आपल्याला ऐकू येते. टॅपेट घट्ट असला तर इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी वाढल्यावर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे तो मिटल्यावर टेकतो त्या गोल कडेवर, पूर्ण बसतच नाही. जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तो सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. तो टेकला नाही तर निवायला वाव राहत नाही, फटीतून जळता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. यातले काहीही कानाला कळत नाही.

गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, आम्ही कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरने १३० च्या आसपास पीएसआय दाखवले, तिसऱ्याने ८५. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तरी तिसऱ्याचा आकडा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने तो वाढला असता, म्हणून दोष व्हॉल्व्हचा हे नक्की झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे हेड कव्हर मी उघडले. चारही प्लग काढल्यामुळे इंजिन हँडलने हलके फिरत होते. रेडिएटरकडून मोजले तर आठ व्हॉल्व्हपैकी पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा एक्झॉस्टचे आहेत. सेटिंगसाठी नऊची बेरीज लक्षात ठेवावी लागते : आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला मोजायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा. असे केले की मोजायच्या व्हॉल्व्हचा कॅम नेमका पाठमोरा असतो, म्हणजे त्याचा उंचवटा व्हॉल्व्हला दाबत नसतो. या इंजिनाला थंड असताना १५ थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, गॅप लागतो. पाचव्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट, व्हॉल्व्हवर १५ ची पट्टी गेली नाही, १० ची गेली नाही, ६ चीही गेली नाही. ४ ची पट्टी ओढूनताणून शिरली. चौथा आणि पाचवा एकाच सामायिक पोर्टमधून धूर सोडतात आणि ती जागा हेडमधली सर्वांत तापणारी, त्यामुळे नुकसान तिथून सुरू व्हावे यात नवल नव्हते.

पट्टी दोन बोटांत धरून सरकवताना हलका चिकट ओढ जाणवायला हवा, लोण्यातून सुरी फिरवल्यासारखा. लॉक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतोच, म्हणून नट घट्ट केल्यावर पुन्हा मोजणे मी कधीही टाळत नाही. आठही व्हॉल्व्ह नीट लावल्यावर दोन नंबरच्या व्हॉल्व्हचा आवाज मात्र राहिला. तो रॉकर काढून पाहिला तेव्हा व्हॉल्व्हला टेकणाऱ्या भागावर नखाला जाणवेल असा खड्डा दिसला. सपाट पट्टी त्या खड्ड्यावर पुलासारखी पडते, त्यामुळे तिला १५ थाउ दिसले तरी खरा गॅप त्याहून जास्त असतो. मुळात मला जी टकटक ऐकू येत होती ती या एका रॉकरची होती, आणि तिच्यापायी आठही टॅपेट आवळले गेले होते. रॉकर बदलला.

तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन ११८ वर आले, खंबाटकी पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढता आली आणि मला वाटले की काम संपले. हजार किलोमीटरनंतर काकांच्या आग्रहाखातर पुन्हा कव्हर उघडले तर पाचव्याचा गॅप ११ थाउ झाला होता. स्क्रू जागचा हलला नव्हता. म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत चालला होता. या हेडमध्ये सीट बिडातच कापलेली असते आणि शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे तिच्यावर संरक्षक थर धरत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळते, त्यामुळे अशी सीट जड चढांवर हळूहळू खचते. सीट खचली की गॅप आपोआप कमी होतो, आणि तोही आवाज न करता.

हेड उतरवून मशीन शॉपमध्ये चारही एक्झॉस्टना कठीण पोलादाच्या सीट रिंगा बसवून घेतल्या आणि पाचवा व्हॉल्व्ह नवा टाकला, कारण त्याच्या कडेला नखभर जागा करपून पांढरट पडली होती. आता दर अडीच हजार किलोमीटरला, आवाज असो वा नसो, थंड इंजिनावर आठही गॅप मोजून मी वहीत लिहितो. गेल्या तीन नोंदींत पाचव्यासमोर १५ हाच आकडा आहे. इंजिन गरम झाल्यावर हेड कव्हरखालून बारीक टकटक अजूनही येते, आणि ती कानावर पडली की मला बरे वाटते.