ढगळ शिवायचा पडदा

आमच्या घराच्या मागच्या अंगणात निळी ताडपत्री टांगलेली आहे. कोळकीच्या रस्त्यानं जाताना ती कुंपणावरून दिसते, म्हणून येणारा-जाणारा विचारतो. कुणाला वाटतं आत कांदा ठेवलाय, कुणाला वाटतं गाडी झाकलीय. आषाढात माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते. तेव्हा पाणी प्यायला आलेल्या एका दिंडीतल्या म्हातारबाबांनी, "माउली, ह्या आडोशाला चार जणी झोपल्या तर चालंल का?" असं विचारलं होतं. चालतंय म्हटलं. झोपल्या.

पण खरा प्रश्न दुसराच, आणि तो मैदानावरचे आई-बाप विचारतात. परवा लोणंदहून आलेल्या एका ताईंनी तिन्ही गोष्टी एका दमात विचारल्या: हा हॉकीच्या सरावाचा पडदा घरी करता येतो का, किती खर्च येतो, आणि त्यानं पोरीचा खेळ सुधारतो का? ताई, त्या दिवशी बस चुकेल म्हणून तुम्ही गडबडीत होतात. तुम्ही विचारलंत म्हणून आता सगळं सांगते, माझ्या चुकांसकट.

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, वीस वर्षं झाली. धाकटी तेरा वर्षांची, हॉकी खेळते. आमच्या तालुक्यात ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. वैष्णवी फाळके आसूची, अक्षता ढेकळे वाखरीची. दोघी भारताकडून खेळल्या, आणि दोन्ही गावं फलटण तालुक्यातलीच. पैलवान खाशाबा जाधवांच्या सातारा जिल्ह्यात पोरगी कुस्ती सोडून काठी का धरते, असं विचारणारे आमचे एक मामा आहेत. पण ते सगळ्यालाच विचारतात.

धाकटीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक मुलगा घरामागं टांगलेल्या पडद्यावर फटाफट मारत होता. पडद्यावर गोलपोस्ट छापलेलं, गोलकीपरचं चित्र, कोपऱ्यांत भोकं. भोकातून गेलं की गोल. तयार पडद्याची किंमत बघून मी मोबाइल खाली ठेवला आणि म्हटलं, ह्यात काय आहे? कापडच आहे. मी शिवते.

इथं पहिली चूक झाली. मापं मी त्या व्हिडिओवरून काढली, सहा फूट बाय चार. तो पडदा बर्फावरच्या हॉकीचा होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांचं गोलपोस्ट तेवढंच असतं. ते मारतात ती रबराची चकती, चेंडू नव्हे. मौज अशी की चकतीचं वजन आणि आपल्या चेंडूचं वजन जवळजवळ सारखं: चकती 156 ते 170 ग्रॅम, आपला चेंडू 156 ते 163. गोलपोस्ट मात्र आपलं 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच, म्हणजे बारा फूट बाय सात. धाकटी हसून लोटपोट. "आई, तो डावऱ्या हातानं मारतोय, ते तरी बघायचंस. आमच्यात डावरी स्टिक नसतेच." खरं आहे. आपली स्टिक एकाच बाजूनं सपाट असते आणि मागच्या गोलसर बाजूनं खेळायचं नाही. डावरी मुलगीही उजव्या हाताचीच स्टिक धरते.

तरी तो सहा बाय चारचा पडदा आम्ही टांगला, कारण फुकट झाला होता. चौकातला वाढदिवसाचा एक फ्लेक्स उतरवला होता, तो मागून आणला. धाकटीचा पहिला चेंडू फ्लेक्सवरच्या साहेबांच्या थेट दातावर बसला. सासूबाई घाबऱ्या झाल्या, "अगं, कुणी बघितलं तर!" म्हणून उलटा करून पांढरी बाजू पुढं घेतली. आठ दिवसांत फ्लेक्स चिरला. फ्लेक्सच्या आत पॉलिएस्टर धाग्याची विरळ जाळी असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर. उन्हानं थर कडक होतो, मग एकदा चीर गेली की जुन्या धोतरासारखी सरळ खालपर्यंत. फ्लेक्सचा नाद करू नका.

मग ताडपत्री. दुकानात गेलात तर 'जाड द्या' म्हणू नका, जीएसएम विचारा. म्हणजे एक चौरस मीटर तुकड्याचं ग्रॅममधलं वजन. शंभर-सव्वाशेवाली कांद्यावर टाकायला ठीक. चेंडूसाठी अडीचशेच्या खाली उतरू नका. माप अठरा फूट बाय बारा घ्या. गोल बारा फुटांचा असताना ताडपत्री अठराची कशाला, असं दुकानदार विचारेल. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी आणली होती पंधरा बाय बारा.

आता शिवणाचं. घरच्या मशीनवर बसू नका. माझ्या दोन सुया मोडल्या आणि तिसरीनं बोट खाल्लं. बसस्टँडमागं गाड्यांच्या सीटा शिवणारा कुशनवाला आहे, त्याच्याकडं जाड मशीन असतं. त्याच्याकडून शिवून घ्या, पण उभं राहून. दोन गोष्टी त्याला सांगा. दोरा नायलॉनचा, सुती नको. सुती दोरा ऊन-पावसात कुजतो. आणि टीप मोठी. ब्लाउजला बारीक टीप म्हणजे चांगलं काम. ताडपत्रीत बारीक टीप म्हणजे तिकिटाच्या कडेसारखी जवळजवळ भोकं, आणि फाटतं ते तिथंच. वर पाइप जाईल एवढा नेफा घालायचा. कुशनवाल्याला नेफा शब्द कळेना, तो 'पाइपची पिशवी' म्हणत होता. परकराला असतो तसाच नेफा, फक्त नाडीच्या जागी दीड इंची जीआय पाइप. कापलेल्या कडांना धागे सुटतात. मी उलथनं तापवून कड बसवली. हे दारात बसून करा, धूर वाईट असतो. उलथनं पुन्हा भाकरीला वापरू नका.

वेल्डिंगवाल्यानं दोन खांब आणि वरचा चौदा फुटी पाइप केला. पडदा टांगला. मी मांडवाच्या कापडासारखा चारी बाजूंनी ताणून दोऱ्यांनी बांधला, एक सुरकुती नाही. वीस वर्षांचा हात, ढगळ काम बघवत नाही. धाकटीनं जोरात मारला आणि चेंडू ढोलावर टिपरू पडल्यासारखा उसळून तिच्या नडगीकडं परत. नडगीला पॅड होतं म्हणून बरं.

ताई, सगळ्यात महत्त्वाचं हेच. पडदा ताणायचा नाही. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागं नेतात, कारण चेंडू थांबायला जितकी जास्त जागा मिळेल तितका मार कमी बसतो. पडद्याचंही तसंच. तो सैल हवा, मागं भिंतीपासून अडीच फूट लांब हवा, म्हणजे चेंडू लागला की मागं जाईल, फुगेल आणि चेंडू पायाशी टाकेल. त्यासाठी चुण्या हव्यात. अठरा फुटांची ताडपत्री चौदा फुटांच्या पाइपवर सारून चुण्या पाडायच्या. आयुष्यभर मापात शिवत आले, आणि हे एकच शिवणं ढगळ लागत होतं.

हे कळल्यावर पंधरा फुटीच्याच चुण्या पाडल्या, आणि दुसरी चूक दिसली. गोलपोस्टचे खांब म्हणून मी पांढऱ्या रेक्झिनच्या पट्ट्या आधीच जमिनीवर अंथरून, बरोबर बारा फुटांवर शिवल्या होत्या. चुण्या पाडल्यावर गोल बारा फुटांचा राहिला नाही. घेराला चुणी घातली की रुंदी आखडते, हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगते! उसवावं लागलं. कापडावरची टीप उसवली की भोकं बुजतात, ताडपत्रीची बुजत नाहीत. पावसाळ्यात त्याच रांगेनं ती फाटली. आता आहे ती दुसरी, अठरा बाय बारा. पट्ट्या आधी टांगून, चुण्या पाडून, खडूनं खूण करून मगच शिवल्या. रंगानं रंगवू नका, हलत्या प्लास्टिकवरून ऑइलपेंट पोपडे होऊन पडतो.

वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडली नाहीत. पंधरा-पंधरा इंचांच्या झडपा कापल्या: तीन बाजू मोकळ्या, वरची जोडलेली, कडेनं रेक्झिनची मगजी. चेंडू गेला की झडप उघडते आणि आपली खाली येते. वाऱ्याच्या दिवशी उगाच फडफडतात, पण भोकापेक्षा बऱ्या.

खालचं काम मला शेवटपर्यंत सुचत नव्हतं. बर्फावरच्या हॉकीत काय होतं मला माहीत नाही, पण आपल्याकडं चेंडू बहुतेक वेळा जमिनीलगत जातो. पडद्याची खालची कड उडायची आणि चेंडू भिंतीवर. रेतीच्या पिशव्या ठेवल्या, त्या फुटल्या. खऱ्या गोलपोस्टला आत खाली फळी असते, 460 मिलिमीटर उंच, म्हणजे दीड फूट. ती नुसती चेंडू अडवायला नाही. पेनल्टी कॉर्नरला (समोरच्या संघाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणारी संधी) गोलवर पहिलाच फटका हिटनं, म्हणजे स्टिक मागं घेऊन जोरात मारला, तर गोलरेषा ओलांडताना चेंडू त्या फळीच्या उंचीच्या वर जाता कामा नये. गेला तर गोल नाही. म्हणजे तो दीड फूट मुलीच्या डोळ्यांत बसायलाच हवा.

उपाय दिराच्या गोठ्यात सापडला. गाईंच्या पायाखाली घालतात ती रबरी मॅट. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. तिच्यातून दीड-दीड फुटाच्या दोन लांब पट्ट्या निघतात. दोन्ही शेजारी लावल्या की तेरा फूट. गोलला बारा लागतात. एकाच मॅटमध्ये काम झालं आणि उरलेली फूटभर पट्टी मोरीपुढं टाकली. कटरला साबणाचं पाणी लावत कापायची, नाहीतर रबर पातं धरून ठेवतं. खांबांना खाली एक आडवा पाइप जोडून त्याला ती पुढून नटबोल्टनं बसवली. पाइप मॅटच्या मागं लपला पाहिजे, लोखंडावर लागलेला चेंडू कुठं जाईल सांगता येत नाही. वरून आलेले चेंडू पडद्याला लागून मॅटच्या मागं पडतात आणि तिथंच राहतात. आणि खालून मारलेला लागला की 'धप्प' असा आवाज येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा धाकटी काही बोलली नाही, तिनं लगेच दुसरा चेंडू घेतला.

आमचं अंगण अठ्ठावीस फूट लांब. ज्याच्या आतूनच गोल मारता येतो तो डीचा अर्धगोल गोलपासून 14.63 मीटरवर असतो, तेवढी जागा कुणाच्या घरी असणार! पण पेनल्टी स्ट्रोकची (एकट्या गोलकीपरसमोर मारायच्या फटक्याची) खूण 6.40 मीटरवर, म्हणजे एकवीस फुटांवर असते, ती आमच्यात बसते. म्हणून घरी स्ट्रोकचाच नियम: पुश (चेंडू स्टिकनं ढकलायचा) आणि फ्लिक (ढकलता ढकलता उचलायचा), हिट नाही. स्ट्रोकला हिट मारताच येत नाही, त्यामुळं नियमही सुटला आणि शेजाऱ्यांची खिडकीही. फ्लिक उंच जातोच, त्यासाठी पडद्याच्या वर चार फूट नायलॉनची जाळी आहे. दुपारी दोन ते चार बंद, शेजारच्या काकूंची झोप. शहाबादी फरशीवर स्टिकची नाकं झिजायला लागली, तेव्हा बाल्कनीत घालतात ती हिरवळीची मॅट अंथरली. वळवाचं वारं सुटायच्या आधी पडदा उतरवून ठेवा. मेमध्ये आम्ही लग्नाला गेलो आणि परत आलो तर पडदा वाऱ्यानं शिडासारखा भरून वरचा पाइप धनुष्यासारखा वाकलेला.

खर्च: साडेसात-आठ हजार, फाटलेली पहिली ताडपत्री धरून. सगळ्यात जास्त पाइप आणि वेल्डिंगला गेले.

आणि खेळ सुधारला का? फ्लिक सुधारला. वरच्या डाव्या झडपेत दहातले सहा-सात जातात, पूर्वी दोन जायचे. पण तिच्या हॉकीच्या सरांनी एक गोष्ट बोलून दाखवली आणि मला ती पटली: उभा चेंडू आणि रिकामा गोल, ह्याची तिला सवय लागली होती. मैदानावर चेंडू पळत येतो आणि समोर कुणीतरी आडवं पडतं. पडदा चेंडू परतच देत नाही, मग चेंडू अडवायला ती शिकणार कुठं? म्हणून आता निम्मा वेळ ती पडद्याकडं पाठ करून पुढच्या कंपाउंडच्या भिंतीवर मारते आणि येणारा चेंडू अडवते. मी ओट्यावर काजं करत बसलेली असते, कधी बुजगावण्यासारखी गोलमध्ये खुर्ची ठेवते. खुर्चीचा एक पाय गेला आहे.

तेव्हा ताई, करा. रविवारी सकाळी या, माप घेऊन जा. येताना तुमच्या अंगणाची रुंदी तेवढी मोजून आणा, आणि मागच्या भिंतीला खिडकी आहे का तेही बघून या.