यादी वाचणं का बंद केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चर्चमधल्या उपासनेनंतर, लग्नात, अगदी कब्रस्तानातून परततानाही हेच ऐकतो: "खजिनदार असून वर्गणीची यादी वाचणं का बंद केलंत? तेव्हापासूनच पैसा आटला."

आटला, खरं आहे. पाळकसाहेबांचा पगार दोनदा उशिरा झाला. पण ती यादी मीच सुरू केली होती. बायबलमधलं मलाखी ३:१० मला तोंडपाठ होतं, दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, भांडारात आणा. नाव पुकारलं की माणूस देतो, हा माझा हिशोब, आणि तो चुकलाही नव्हता.

मग एका शनिवारी एक मावशी घरी आल्या. पाच महिने त्यांचं नाव मी 'बाकी'त वाचत होतो. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. पाचशेच्या सहा नोटा, आणि चुकून आत राहिलेली बचत गटाची चिठ्ठी: कर्ज ३,०००, व्याज दरमहा २ टक्के. "उद्या नाव वाचू नका, भाऊ," एवढंच म्हणाल्या. मी चिठ्ठी परत दिली, पैसे ठेवले आणि पावती फाडली. कार्बन नीट उमटलाय ना, तेही पाहिलं.

रात्री बायकोने विचारलं, घेतलेतच कसे? मी मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे जवळची होती नव्हती ती दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या विधवेचं उदाहरण दिलं. तिने ती गोष्ट जिथे आहे तो मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढला आणि एक वचन आधीपासून वाचलं. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे धर्मपंडितांना, प्रभू येशू तिथे दोष देतो. ती विधवा येते त्याच्या लगेच पुढे. आम्ही मात्र उपदेश नेहमी ४१व्या वचनापासून ऐकत आलो.

पैसे परत द्यायला गेलो, तर मावशींनी घेतले नाहीत. "देवाला दिलेत."

आता महिन्यातून एकदा मंडळीचा जमाखर्च फळ्यावर मांडतो, वीजबिलासकट. मग घरच्या कर्जांवर बोलतो. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्या प्रेसमधून निवृत्त झालेले लोक आमच्यात आहेत; तरी दरमहा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे लिहून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघी उठून फळ्याजवळ आल्या. देवळात पैशाचं बोलणं म्हणजे मागणं, एवढंच त्यांनी आजवर ऐकलेलं. ते मीच ऐकवलेलं.

पुढच्या कमिटीत यादीचा ठराव पुन्हा येतोय. मी विरोधात मत देणार. पाळकसाहेबांचा पगार कुठून द्यायचा, हे तुम्ही विचाराल, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.