गॅट्सबीचं वेळापत्रक

रविवार, रात्र

फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी आज पुन्हा वाचून संपवली. शेवटच्या प्रकरणानंतर दुसरं काही हातात घेववेना.

नायक गॅट्सबीचा खून झालाय. मिनेसोटातल्या एका गावाहून त्याचे वडील हेन्री गॅट्झ आलेत. ते एक जुनं, फाटकं पुस्तक काढून दाखवतात. काउबॉयची गोष्ट, पोरानं लहानपणी वाचलेली. मागच्या कोऱ्या पानावर 12 सप्टेंबर 1906 ही तारीख आणि त्याखाली दिवसाचं वेळापत्रक. सहाला उठणं. सव्वासहाला डंबेल्स आणि भिंतीवर चढण्याचा सराव. सव्वासात ते सव्वाआठ विजेचा अभ्यास. मग काम, अर्धा तास बेसबॉल, पाच ते सहा बोलण्याचा आणि रुबाबाचा सराव, सात ते नऊ गरजेच्या शोधांचा अभ्यास. त्याखाली संकल्प: तंबाखू बंद, दिवसाआड अंघोळ, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक. ते पाच खोडून तीन केलेत. या खोडलेल्या आकड्यावर माझा फार जीव आहे. ऐपत नसलेला, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलेला मुलगा तिथे दिसतो.

गॅट्सबीतला अमेरिकन माणूस मला त्याच्या पार्ट्यांपेक्षा या पानावर जास्त भेटतो. आपण आपल्याला घडवू शकतो, तासातासाची आखणी करून घडवू शकतो, ही त्या देशाची श्रद्धा. तिचा मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन, 1706 साली बॉस्टनमध्ये मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी जन्मलेला. त्याच्या आत्मचरित्रातही असंच वेळापत्रक आहे, पहाटे पाचपासूनचं, आणि सोबत तेरा सद्गुणांची यादी.

पण फ्रँकलिनच्या पानावर सकाळी एक प्रश्न आहे: आज मी कोणतं चांगलं काम करू? रात्री दुसरा: आज कोणतं चांगलं काम केलं? त्याने 1727 मध्ये मित्रांचं चर्चामंडळ काढलं, 1731 मध्ये वर्गणीचं वाचनालय, 1736 मध्ये आग विझवणाऱ्यांचं पथक. त्याचं घडणं चारचौघांत झालं. जिमी गॅट्झच्या, म्हणजे लहानपणीच्या गॅट्सबीच्या, दिवसात मात्र कुणासाठीच वेळ राखलेला नाही. शॅफ्टर्सकडे वेळ घालवायचा नाही, एवढाच माणसांचा उल्लेख, आणि अगदी शेवटी आई-वडिलांशी अधिक चांगलं वागण्याचा संकल्प.

त्याची शोकांतिका मला इथूनच सुरू झालेली वाटते. सतराव्या वर्षी लेक सुपीरियरच्या काठी तो नाव बदलतो. पुढे दारूबंदीच्या काळात चोरट्या धंद्यातून पैसा करतो. पाच वर्षांपूर्वी दुरावलेल्या डेझीवर त्याचं प्रेम खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्याकडेही तो विजेच्या अभ्यासाकडे पाहावं तसंच पाहतो. पुरेसे कष्ट घेतले की मधली पाच वर्षं पुसता येतील. तिचं लग्न, तिची मुलगी, तिची भीती, हे त्याच्या आखणीत बसत नाही. त्याच्याकडे शेकडो लोक जेवून-पिऊन गेले. अंत्ययात्रेला वडील, ही गोष्ट सांगणारा निक, काही नोकर, एक पोस्टमन आणि एक चष्मेवाला पाहुणा. डेझीचं एक फूलही नाही.

तरी हेन्री गॅट्झ म्हणतात, जगला असता तर जेम्स जे. हिलसारखा मोठा झाला असता. हिल म्हणजे सेंट पॉलचा रेल्वेसम्राट. फिट्झजेराल्डही त्याच शहरात जन्मला, 1896 मध्ये, म्हणून बापाच्या तोंडी हेच नाव येणं किती खरं वाटतं! ते एकेक ओळ मोठ्याने वाचून निककडे पाहतात. यानेही ही यादी उतरवून घ्यावी, असं त्यांना वाटत असावं, असं निकला जाणवतं. मुलगा गेलाय, पण वेळापत्रकावरचा विश्वास तसूभर हललेला नाही.

आई-वडिलांबद्दलच्या त्या शेवटच्या संकल्पाचं काय झालं, याचा विचार करतेय. घरचे सगळे वारले, असं गॅट्सबी निकला सांगतो. आणि वडील सांगतात की दोन वर्षांपूर्वी तो भेटायला आला होता, मी आता राहतो ते घर त्यानेच घेऊन दिलं. लोकांपुढे ज्यांना मारून टाकलं, त्यांच्याच डोक्यावर त्याने छप्पर घातलं. या दोन गोष्टींतली एक खरी मानून दुसरी सोडून देणं मला जमत नाही.